शिक्षणाच्या वाटेने कायम वास्तव्य: वडिलांचे घर तारण ठेवण्यापूर्वी

प्रश्न: मी एकतीस वर्षांची स्थापत्य अभियंता असून गेली सात वर्षे बांधकामांची मोजमापे आणि अंदाजपत्रके तयार करण्याचे काम करते. पती पदवीधर आहेत आणि हिशेब विभागात नोकरी करतात. आम्हाला पाच वर्षांची मुलगी आहे. आम्हाला कॅनडात कायमचे स्थायिक व्हायचे आहे. एका परदेशी शिक्षण सल्लागाराने दोन वर्षांचा बिझनेस मॅनेजमेंटचा डिप्लोमा सुचवला आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे कोर्स कोणता याला महत्त्व नाही. पती पहिल्या दिवसापासून पूर्णवेळ काम करू शकतील, शिक्षण संपताच तीन वर्षांचे वर्क परमिट मिळेल आणि पुढच्या वर्षभरात पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना. कर्जासाठी वडील राहते घर तारण ठेवायला तयार आहेत. पतीचा अनुभव थोडा वाढवून दाखवणारे पत्रही ‘करून मिळेल’ असे तो सांगतो. खरे सांगायचे तर मला शिकण्याची फारशी इच्छा नाही, आणि तरीही अर्जात शिकायला जाते असे लिहायचे, हे मनाला टोचते. या वाटेवर भरवसा ठेवावा का? दुसरा एखादा देश बरा पडेल का? आणि जमले नाही तर परत येऊन लोकांना तोंड कसे दाखवायचे?

उत्तर: सल्लागाराने मांडलेली योजना आजच्या नियमांत बसत नाही, हे मी आधी स्पष्ट सांगते, कारण घराची कागदपत्रे बँकेत जाण्याआधी तुम्हाला ते कळणे फार आवश्यक आहे.

कॅनडात शिक्षणानंतर मिळणारे पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिट पूर्वी कोणत्याही शाखेच्या डिप्लोम्यावर मिळत असे. १ नोव्हेंबर २०२४पासून चित्र बदलले. त्या तारखेनंतर स्टडी परमिटसाठी अर्ज करणाऱ्याने पदवी, पदव्युत्तर पदवी किंवा डॉक्टरेट घेतली तर शाखेचे बंधन नाही. डिप्लोमा घेतला तर मात्र तो आरोग्यसेवा, शेती, विज्ञान-तंत्रज्ञान, कुशल कारागिरी, वाहतूक अशा ठरवून दिलेल्या शाखांपैकीच असावा लागतो. बिझनेस मॅनेजमेंट त्या यादीत नाही. याचा अर्थ असा की दोन वर्षे शिकून, पूर्ण शुल्क भरून आणि उत्तम गुणांनी उत्तीर्ण होऊनही हे वर्क परमिट तुम्हाला मिळणार नाही. ते नसेल तर कॅनडातला कुशल कामाचा वर्षभराचा अनुभव जमणार नाही, आणि सल्लागाराने सांगितलेला पीआर त्या अनुभवावरच उभा आहे.

पतीच्या कामाबाबतही तसेच आहे. २१ जानेवारी २०२५पासून विद्यार्थ्याच्या जोडीदाराला खुले (कोणत्याही मालकाकडे काम करू देणारे) वर्क परमिट मिळण्यासाठी विद्यार्थ्याने किमान सोळा महिन्यांची पदव्युत्तर पदवी, डॉक्टरेट किंवा काही मोजके व्यावसायिक अभ्यासक्रम यांपैकी काहीतरी करत असणे आवश्यक आहे. कॉलेजचा दोन वर्षांचा डिप्लोमा त्यात येत नाही. तुम्ही स्वतः सत्र चालू असताना महाविद्यालयाबाहेर आठवड्याला २४ तासच काम करू शकाल. म्हणजे तिघांच्या संसारात कमावणारी व्यक्ती एकच, तीही अर्धवेळ, आणि डोक्यावर घर तारण ठेवून घेतलेले कर्ज. हे चित्र सल्लागाराने तुमच्यासमोर ठेवले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्याने सांगितलेले काही वर्षांपूर्वी बऱ्याच अंशी खरे होते, म्हणूनच ते अजूनही खरे वाटते. तो जाणूनबुजून फसवत आहे की त्याची माहिती जुनी आहे, हे ठरवण्याची तुम्हाला गरज नाही. एवढे मात्र लक्षात ठेवा की बहुतेक शिक्षण सल्लागारांना प्रवेश झाल्यावर महाविद्यालयाकडून दलाली मिळते; तुम्ही विमानात बसलात की त्यांचे काम संपते, आणि तुमचे तर त्यानंतरच सुरू होणार असते. कॅनडाच्या कायद्यानुसार पैसे घेऊन स्थलांतराचा सल्ला देण्याचा अधिकार परवानाधारक सल्लागारांना आणि वकिलांना आहे. परवानाधारकांची नोंदवही कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. तुमच्या सल्लागाराचे नाव तिथे आहे का, हे पाहायला पाच मिनिटे पुरतील.

आता भरवशाच्या प्रश्नाकडे येते. ‘शिक्षणातून पीआर’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की ती एकच सलग वाट असल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्या चार वेगवेगळ्या परवानग्या असतात: शिकण्याची, शिक्षणानंतर काम करण्याची, एखाद्या मालकाने कुशल कामावर ठेवण्याची आणि शेवटी कायम वास्तव्याची. पहिली मिळाली म्हणून दुसरी मिळण्याचा हक्क निर्माण होत नाही. तिसरी तर कोणत्याच सरकारच्या हातात नसते. आणि साधारणपणे प्रत्येक टप्प्यावर त्या दिवशी लागू असलेले नियम पाहिले जातात, तुम्ही घर सोडले त्या दिवशीचे नाहीत. पहिल्या परवानगीपासून शेवटचीपर्यंत सहज चार-पाच वर्षे जातात आणि तेवढ्या काळात एखादे सरकार बदलते, घरांची टंचाई निवडणुकीचा विषय होते, बेरोजगारी वाढते. या सगळ्याचा परिणाम सर्वांत आधी परदेशी विद्यार्थ्यांवर होतो, कारण त्यांना तिथे मत नसते.

ऑस्ट्रेलियात हे मोठ्या प्रमाणावर घडले आहे. तिथे एके काळी मागणी असलेल्या व्यवसायांच्या यादीमुळे स्वयंपाक आणि केशकर्तन यांसारख्या अभ्यासक्रमांना पीआरसाठी जादा गुण मिळत, आणि केवळ त्या गुणांसाठी हजारो परदेशी विद्यार्थी ते अभ्यासक्रम करत होते. ८ फेब्रुवारी २०१० रोजी सरकारने ती यादी रद्द केल्याचे जाहीर केले. १ जुलैपासून आलेल्या नव्या यादीत स्वयंपाकी आणि केशकर्तनकार नव्हते. काहींना संक्रमणकाळाची सवलत मिळाली, पण बाकीच्यांच्या हाती जो व्यवसाय कधी करायचाच नव्हता त्याचे प्रमाणपत्र तेवढे राहिले. ब्रिटनने शिक्षणानंतर काम करण्याची सवलत एप्रिल २०१२मध्ये बंद केली आणि तशी सोय पुन्हा १ जुलै २०२१ रोजी सुरू केली. मधल्या नऊ वर्षांत तिथे शिकलेल्यांचा काही दोष नव्हता. कॅनडाने २०२५ या वर्षासाठी ५,००,००० लोकांना कायम वास्तव्य देण्याचे लक्ष्य आधी जाहीर केले होते, ते ऑक्टोबर २०२४मध्ये ३,९५,०००वर आणले. त्याच वर्षी स्टडी परमिटच्या संख्येवरही मर्यादा घातली गेली. हे सगळे तुम्हाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. पुढचा नियम कोणता असेल हे आज कोणीही सांगू शकत नाही. म्हणून पीआर मिळाला नाही तरी उपयोगी ठरेल असेच शिक्षण घ्यावे, एवढे यातून निघते, आणि तुमच्या निवडीची कसोटी मी हीच मानते.

पण तुमच्या बाबतीत त्याआधीचा एक प्रश्न आहे, जो सल्लागाराने विचारलाच नाही: तुम्हाला शिकायला जाण्याची गरज आहे का? तुमच्याकडे अभियांत्रिकीची पदवी आणि सात वर्षांचा अनुभव आहे. कुशल कामगारांना गुणांनुसार कायम वास्तव्यासाठी निवडणाऱ्या कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्री पद्धतीत देशाबाहेर राहूनही अर्ज करता येतो. तिथे वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांना मिळून १,२०० पैकी गुण दिले जातात. मी तुमचा हिशेब मांडून पाहिला. त्यासाठी तुम्ही मुख्य अर्जदार आहात, पती सोबत येत आहेत आणि त्यांनाही भाषेच्या परीक्षेत तुमच्याइतकेच यश मिळते, असे धरले आहे.

भाषेची पातळी तिथे सीएलबी या मोजपट्टीवर ठरते. आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत प्रत्येक भागात ६ मिळाले तर ती पातळी ७ होते. ऐकण्यात ८ आणि वाचन, लेखन, संभाषणात प्रत्येकी ७ मिळाले तर ९ होते. ९ ही पातळी गाठली तर आज तुमची बेरीज अशी होते: वयाचे ९०, पदवीचे ११२, भाषेचे ११६, पदवी आणि भाषा एकत्र धरून २५, अनुभव आणि भाषा एकत्र धरून ५०, पतीचे शिक्षण आणि भाषा यांचे २८. एकूण ४२१.

आता याच भाषापातळीवर डिप्लोम्याची वाट धरा, आणि वर्क परमिट मिळालेच असेही घटकाभर माना. शिक्षण आणि वर्षभराची नोकरी आटोपेपर्यंत तुम्ही चौतीस वर्षांच्या झालेल्या असाल आणि वयाचे गुण ९०वरून ७५वर आलेले असतील. कॅनडातल्या शिक्षणाचे १५, तिथल्या अनुभवाचे ३५, दुसऱ्या प्रमाणपत्रामुळे शिक्षणाचे ७ आणि शिक्षण-भाषेच्या जोडगुणांचे २५ वाढतील. बेरीज ४८८. म्हणजे तीन वर्षे, दोन वर्षांचे शुल्क आणि वडिलांचे घर पणाला लावून निव्वळ भर ६७ गुणांची.

याउलट, तुमची भाषापातळी आज ७ असेल आणि ती तुम्ही ९वर नेली, तर केवळ तुमच्या स्वतःच्या गुणांत ८९ची भर पडते: भाषेचे थेट ५२, पदवीच्या जोडगुणांत १२ आणि अनुभवाच्या जोडगुणांत २५. घरी बसून सहा-आठ महिने कसून केलेला अभ्यास तीन वर्षांच्या परदेशी मुक्कामापेक्षा जास्त गुण देतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि ती फार थोड्या लोकांना सांगितली जाते. त्यातच वयाचा भाग येतो. एकोणतिसाव्या वर्षानंतर वयाचे गुण दर वर्षी घटतात आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य होतात. ज्या शिक्षणाने गुण वाढावेत म्हणून आपण जातो, त्या शिक्षणाच्या काळातही ही घट थांबत नाही.

थेट अर्जाची वाट सोपी आहे, असा मात्र याचा अर्थ घेऊ नका. २०२५मध्ये कॅनडातला अनुभव असलेल्यांसाठी झालेल्या प्रत्येक फेरीत (ठरावीक किमान गुणांच्या वरच्या उमेदवारांना निमंत्रण देण्याच्या वेळी) किमान गुण ५००च्या वर होते. म्हणजे डिप्लोमा करून ४८८वर पोहोचलेली व्यक्तीही बाहेरच राहिली असती. ४२१ गुणांच्या उमेदवाराला दुसरा एखादा आधार लागेल. तो दोन-तीन ठिकाणी सापडू शकतो. २०२३पासून विशिष्ट व्यवसायांसाठी आणि फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या होतात. फ्रेंचच्या फेऱ्यांतले किमान गुण इतर फेऱ्यांपेक्षा बरेच कमी राहिले आहेत, आणि इंग्रजीबरोबर फ्रेंचही चांगली असेल तर ५० जादा गुण मिळतात. एखाद्या प्रांताने नामांकन दिले तर एकदम ६०० गुणांची भर पडते. तुमचे काम त्यांच्या व्यवसाय-वर्गीकरणात स्थापत्य अभियंता म्हणून बसते की अंदाजपत्रककार म्हणून, हे ठरवण्यासाठी पदनामापेक्षा तुम्ही रोज प्रत्यक्ष काय करता हे पाहिले जाते. ते बारकाईने तपासा, कारण कोणत्या फेरीत तुम्ही बसाल हे त्यावर ठरेल. आणखी एक गोष्ट: मुख्य अर्जदार तुम्हीच असला पाहिजे असे नाही. पतीच्या नावानेही बेरीज करून पाहा आणि जी जास्त भरेल ती निवडा.

इतके करूनही शिकायलाच जावे असे ठरले, तर डिप्लोमा बाजूला ठेवा आणि तुमच्याच क्षेत्रातली पदव्युत्तर पदवी घ्या: बांधकाम व्यवस्थापन किंवा स्थापत्य अभियांत्रिकी, सार्वजनिक विद्यापीठात, किमान सोळा महिन्यांची. तिला शाखेचे बंधन नाही, तिच्यानंतर तीन वर्षांचे वर्क परमिट मिळू शकते, पतीला काम करता येते, आणि वरच्याच हिशेबात कॅनडातल्या शिक्षणाचे १५ऐवजी ३० व शिक्षणाचे एकूण १२६ गुण मिळून बेरीज ५१०पर्यंत जाते. प्रवेश कठीण आहे आणि शुल्कही कमी नाही, हे खरे. पण पीआर हुकला तरी ती पदवी तुमच्या व्यवसायात कुठेही चालेल. बिझनेस मॅनेजमेंटच्या डिप्लोम्याने मात्र सात वर्षांच्या अनुभवाशी असलेला तुमचा धागाच तुटला असता, आणि परवानगी देणारा अधिकारीही हेच विचारतो की एका अभियंत्याला हा डिप्लोमा कशासाठी हवा आहे. याचे खरे उत्तर तुमच्याकडे नाही. अर्ज नाकारला जाण्याचे ते एक नेहमीचे कारण असते.

यातूनच मनाला टोचणाऱ्या गोष्टीकडे येता येते. ती तुम्हाला टोचते आहे हे मला बरे वाटले, कारण हा प्रश्न बहुतेक जण स्वतःला विचारतच नाहीत. शिकून पुढे तिथेच राहण्याची इच्छा बाळगणे यात काहीही गैर नाही. कॅनडाच्या स्थलांतर कायद्यात ‘दुहेरी हेतू’ मान्य केलेला आहे: कायम वास्तव्याची इच्छा असलेली व्यक्तीही तात्पुरत्या परवान्यावर येऊ शकते, फक्त तो परवाना संपला आणि दुसरा मिळाला नाही तर ती परत जाईल, अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. ऑस्ट्रेलियाने २३ मार्च २०२४पासून ‘तात्पुरते राहण्याचा खरा हेतू’ ही कसोटी काढून ‘खरा विद्यार्थी’ ही कसोटी आणली. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाला मात्र मायदेशी परतण्याचा हेतू दाखवावा लागतो. देश वेगळे असले तरी सर्वत्र सारखे असलेले एक बंधन आहे: शिक्षण खरे असले पाहिजे. तुम्हाला शिकायचेच नसेल तर अडचण अर्जातल्या वाक्याची नसून निवडीची आहे, आणि थेट अर्जाच्या वाटेला ती अडचण लागूच होत नाही.

पतीच्या अनुभवाचे ‘करून मिळणारे’ पत्र मात्र कोणत्याही परिस्थितीत घेऊ नका. कॅनडात खोटी माहिती दिल्याचे आढळले तर पाच वर्षे प्रवेशबंदी होते. पीआर मिळाल्यानंतर उघडकीस आले तर तोही जाऊ शकतो, आणि एकाच्या खोटेपणाचा फटका एकत्र अर्ज केलेल्या सगळ्या कुटुंबाला बसतो. तुमच्या मुलीचे नावही त्याच अर्जात असेल. २०२३मध्ये बनावट प्रवेशपत्रांवर कॅनडात आलेल्या विद्यार्थ्यांचे प्रकरण गाजले. त्यांच्यापैकी अनेकांना ती पत्रे बनावट असल्याचे पीआरचा अर्ज तपासला जाईपर्यंत ठाऊकही नव्हते. त्यानंतर १ डिसेंबर २०२३पासून प्रत्येक प्रवेशपत्राची खातरजमा थेट शिक्षणसंस्थेकडून करून घेतली जाऊ लागली. जो सल्लागार पहिल्याच भेटीत खोटे पत्र देऊ करतो, त्याच्या हाती तुमचे पासपोर्ट आणि पदवीची प्रमाणपत्रे देऊ नका. केवळ या एका कारणासाठीसुद्धा मी तुम्हाला त्याच्याकडे जाणे थांबवण्याचा सल्ला देईन.

दुसऱ्या देशांबद्दल विचारले आहे. तुमच्या परिस्थितीत ब्रिटन मी सुचवणार नाही. जानेवारी २०२४पासून सुरू होणाऱ्या, वर्गात शिकवल्या जाणाऱ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत नेता येत नाही. शिक्षणानंतरची दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७पासूनच्या अर्जांसाठी अठरा महिन्यांवर येणार आहे, आणि तो काळ कुशल कामगाराच्या कायम वास्तव्यासाठी लागणाऱ्या वर्षांच्या मोजणीत धरला जात नाही. अमेरिकेत शिक्षणानंतर बारा महिने आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांना आणखी चोवीस महिने काम करता येते. पुढे वर्षाला ६५,००० अधिक तिथल्या पदव्युत्तरांसाठी २०,००० एवढ्याच एच-१बी (कुशल परदेशी कामगारांच्या व्हिसाच्या) जागांच्या निवडीतून जावे लागते, आणि नोकरीवर आधारित कायम वास्तव्यात जन्मदेशानुसार प्रत्येक देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतात जन्मलेल्यांची रांग दशकाहून अधिक लांबली आहे. मुलगी मोठी होईपर्यंत अनिश्चिततेत राहावे लागेल.

ऑस्ट्रेलियाकडे मात्र लक्ष द्या, पण शिक्षणासाठी नव्हे. स्थापत्य अभियंता आणि क्वांटिटी सर्व्हेअर (बांधकामाची मोजमापे आणि खर्चाचे अंदाज करणारा) हे दोन्ही व्यवसाय तिथल्या कुशल व्यवसायांच्या यादीत आहेत. गुणांवर आधारित व्हिसासाठी तिथे शिकलेले असण्याची अट नाही. पदवी आणि अनुभवाची व्यावसायिक तपासणी करून घ्यावी लागते. किमान ६५ गुण लागतात, प्रत्यक्ष निमंत्रण बहुधा त्याहून जास्त गुणांवर येते. वयाचे सर्वाधिक ३० गुण बत्तिसाव्या वर्षापर्यंतच मिळतात, त्यानंतर ते २५ होतात. म्हणजे इथेही तुमच्या हातात थोडाच वेळ आहे.

शिकायचेच असेल आणि नवी भाषा शिकण्याची तयारी असेल, तर जर्मनीचा विचार मी सर्वांत गंभीरपणे करेन. तिथल्या बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रतिसत्र १,५०० युरो द्यावे लागतात. राहण्याच्या खर्चापोटी वर्षाला ११,९०४ युरो गोठवलेल्या (दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या) खात्यात दाखवावे लागतात. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी अठरा महिने मिळतात. तिथल्या विद्यापीठाच्या पदवीधराला पात्रतेला साजेशा नोकरीत दोन वर्षे झाली, निवृत्तिवेतनाचे चोवीस हप्ते भरले आणि जर्मन भाषा बी१ या मध्यम पातळीपर्यंत आली की कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. इथे अटी कायद्यात लिहिलेल्या आहेत, फेऱ्या आणि बदलते किमान गुण नाहीत, हा मोठा दिलासा आहे. अडचण भाषेची. अभ्यासक्रम इंग्रजीत मिळाला तरी बांधकामाच्या जागेवरचे काम जर्मनमध्ये चालते, आणि केवळ बी१ पातळीवर नोकरी मिळवणे जड जाते.

आता वडिलांच्या घराविषयी. कर्ज किती घ्यावे याचा हिशेब परदेशातल्या अपेक्षित पगारावर मांडू नका. परत आल्यावर तुम्हा दोघांना जो पगार मिळेल त्यातून जेवढे फेडता येईल, तेवढेच घ्या. तेवढ्यात भागत नसेल तर ती योजना तुमच्यासाठी नाही. कॅनडाच्या स्टडी परमिटसाठी सध्या एका विद्यार्थ्याला शुल्क आणि प्रवास सोडून वर्षाचे २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात, कुटुंबासाठी आणखी जास्त. ही रक्कम सरकारने मानलेला किमान खर्च आहे. वडिलांशी बोलताना आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगा. पीआर मिळाल्यावरही तो टिकवण्यासाठी पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहावे लागते, आणि आईवडिलांना कायमचे तिकडे नेण्याच्या योजनेत २०२०नंतर नव्या इच्छुकांची नोंदणी खुली झालेली नाही. ते भेटीला येऊ शकतील, पण त्यांचे उतारवय बहुधा त्याच घरात जाणार आहे. ते घर त्यांच्या नावावर आणि बोजाविना राहावे, असे मला फार वाटते.

तोंड दाखवण्याबद्दल तुम्ही विचारले आहे, आणि ती भीती मी क्षुल्लक मानत नाही. अनेक जण केवळ त्या भीतीपोटी मुदत संपल्यावरही तिथे राहतात, एकामागून एक निरुपयोगी अभ्यासक्रमांना पैसे भरतात, बेकायदा काम पत्करतात, आणि त्यांची अवस्था परतण्यापेक्षा कितीतरी वाईट होते. म्हणून जाण्याआधीच तुम्ही दोघांनी बसून एक तारीख आणि एक रक्कम कागदावर लिहा: अमुक दिवसापर्यंत कुशल नोकरी मिळाली नाही, किंवा अमुक रकमेपर्यंत बचत खाली आली, तर परतायचे. तो कागद वडिलांनाही दाखवा. घरच्यांना आधीच सांगितलेले असेल तर परत येणे हा ठरलेल्या योजनेचाच भाग होतो. तुमचा व्यवसाय, तुमची पदवी आणि सात वर्षांचा अनुभव तेव्हाही तुमच्याजवळ असेल. लोक काही महिने बोलतील.

या आठवड्यात भाषेच्या परीक्षेची तारीख घ्या, दोघांचीही. पदवीच्या मूल्यांकनासाठी विद्यापीठाकडून लागणारे गुणपत्रक मागवा, कारण त्याला अनेकदा अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागतो. आतापर्यंतच्या मालकांकडून कामाचे स्वरूप, तास आणि कालावधी नमूद केलेली खरी अनुभवपत्रे घ्या. निकाल हाती आला की दोघांच्या नावांनी वेगवेगळी बेरीज करून मला पुन्हा लिहा. तोपर्यंत कोणत्याही महाविद्यालयाला अनामत रक्कम भरू नका आणि घराची कागदपत्रे वडिलांच्या कपाटातच राहू द्या.